इंजिने दोन, नियंत्रण एकाच केबिनमध्ये

पुश-पुल म्हणजे एक इंजिन पुढून ओढणाऱ्या आणि दुसरे मागून ढकलणाऱ्या गाड्यांविषयी पुणे परिसरातील वाचकांनी विचारलेल्या काही प्रश्नांची ही उत्तरे.

प्रश्न (चिंचवड): मुंबई–निजामुद्दीन राजधानीच्या मागच्या इंजिनातला चालक पुढच्या चालकाच्या सांगण्यावरून गाडी ढकलतो का?

उत्तर: नाही. पुढच्या चालकाने जोर वाढवला किंवा कमी केला की तो आदेश डब्यांमधून नेलेल्या केबलमार्गे मागच्या इंजिनाच्या संगणकाकडे जातो आणि दोन्ही इंजिने जवळजवळ एकाच वेळी प्रतिसाद देतात. परतीच्या प्रवासासाठी इंजिन काढून दुसऱ्या टोकाला जोडावे लागत नाही, चालकाने केबिन बदलली की पुरे. ही राजधानी २०१९ मध्ये सुरू झाली आणि कसारा घाटासाठी तिला लवकरच ही पद्धत लागू करण्यात आली. डिसेंबर २०२३ मध्ये आलेल्या अमृत भारत गाड्यांची तर आखणीच तशी आहे. कल्पना मात्र जुनी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये इंजिन मागून ढकलत असताना चालक पुढच्या टोकाच्या डब्यात बसून लोखंडी दांड्यांच्या साहाय्याने वाफेच्या इंजिनाचा रेग्युलेटर, म्हणजे वाफ कमी-जास्त करणारी झडप, हलवत असे आणि फायरमन इंजिनावरच कोळसा टाकत राही.

प्रश्न (तळेगाव): कर्जतला घाट चढण्यासाठी जोडलेली मदतीची इंजिने, म्हणजे बँकर, हेही मागूनच ढकलतात. मग फरक काय?

उत्तर: जोर मागूनच मिळतो, पण बँकरवर स्वतंत्र चालक असतो आणि पुढच्या चालकाशी त्याचा मेळ वॉकीटॉकीवर व शिट्टीच्या संकेतांनी घातला जातो. कर्जत ते लोणावळा या टप्प्यातील सर्वांत तीव्र चढण सदतीसास एक आहे, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. हजार टनांचे डबे आणि १२३ टनांचे डब्ल्यूएपी-७ इंजिन धरले, तर केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध गाडी तोलून धरायलाच सुमारे तीस टनांचा जोर लागतो. या इंजिनाचा कमाल जोर तेहतीस टनांच्या आसपास आहे. वळणांचा रोध आणि श्रावणातले ओले रूळ हिशेबात घेतले की एकटे इंजिन चाके जागीच फिरवत बसेल, हे उघड आहे. अश्वशक्ती कितीही असली तरी रुळावर दाबणारे वजन कमी पडले तर ती वाया जाते. म्हणून दुसरे इंजिन हवे. ते मुंबईपासूनच मागे असेल, तर कर्जतला बँकर जोडण्याचा आणि लोणावळ्याला काढण्याचा वेळ वाचतो. मुंबई–पुणे इंटरसिटीवर २०१९ मध्ये ही पद्धत अजमावली गेली ती यासाठीच. कर्जतच्या वडापावचे काय, हा प्रश्न वेगळा.

प्रश्न (धनकवडी): मागून ढकलल्याने डबे रुळांवरून उचलले जाणार नाहीत का?

उत्तर: दोन्ही इंजिनांचा जोर नियंत्रित असेल तर ही भीती फारशी उरत नाही. पुढचे इंजिन पुढचे डबे ओढते, मागचे मागचे ढकलते आणि मधल्या एखाद्या कपलिंगवर (दोन डब्यांच्या जोडावर) ना ताण असतो ना दाब. चढउतारानुसार ही जागा सरकत राहते. एलएचबी या नव्या धाटणीच्या डब्यांची कपलिंगे घट्ट बसणारी असल्याने धक्केही कमी बसतात. खरा धोका वेगळ्या रचनेत दिसला. ३० जुलै १९८४ रोजी स्कॉटलंडमध्ये पोलमाँटजवळ एकच इंजिन मागे असलेली गाडी गाईवर आदळली, पुढचा हलका डबा घसरला आणि तेरा जण मृत्युमुखी पडले. आपल्याकडील या गाड्यांत पुढेही वजनदार इंजिनच असते.

प्रश्न (हडपसर): सोलापूरची वंदे भारत पुश-पुल आहे का?

उत्तर: नाही. तिला वेगळे इंजिनच नाही. निम्म्या चाकजोड्यांना मोटारी असल्याने ती बँकरविना घाट चढते.

प्रश्न (कोथरूड): छंद म्हणून गाड्या पाहणाऱ्यांना यात एवढे काय आवडते, आणि खरी पुश-पुल ओळखायची कशी?

उत्तर: आधी मागच्या इंजिनाचा पेंटोग्राफ, म्हणजे वरच्या तारेतून वीज घेणारा छतावरचा सांगाडा, पाहावा. तो खाली असेल, तर ते इंजिन बहुधा बंद अवस्थेत नुसते ओढून नेले जात आहे. वर असेल आणि गाडी सुटताना दोन्ही टोकांचा गुंजारव एकदम चढत गेला, तर ती पुश-पुल समजावी. नेहमीच्या गाडीचा आवाज पुढे निघून जातो, इथे डबे सरल्यावर तो पुन्हा जवळ येतो. छायाचित्रकारालाही एकाच गाडीची दोन चित्रे मिळतात. बँकर जाणार म्हणून काही जुने छांदिष्ट हळहळतात, पण मालगाड्यांना ते आजही लागतातच. लोणावळ्याच्या फलाटावरून ते सुटताना नीट दिसतात; फलाट तिकीट काढावे आणि रुळांत उतरू नये, कारण रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमानुसार तो गुन्हा आहे.