दुसऱ्याच्या पात्राला जागा : लिखित रोलप्लेविषयी वाचकांचे प्रश्न

इंटरनेटवरील मंचांवर अनेकांनी मिळून, प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन, आळीपाळीने लिहीत एकच कथा पुढे नेण्याचा जो खेळ चालतो, त्याला सर्वत्र रोलप्ले म्हणतात. या खेळाविषयी आलेल्या पत्रांना या वेळच्या सदरात उत्तरे देत आहे.

प्रश्न : मला कथालेखनाची आवड आहे. मैत्रिणीने रोलप्लेबद्दल सांगितले म्हणून एका मंचावर गेले, परंतु शेकडो पाने, अनोळखी संक्षेप आणि नियमांची लांबलचक यादी पाहून परत फिरले. सुरुवात कोठून करावी? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, सातारा)

उत्तर : हा खेळ कोठून आला हे आधी थोडक्यात पाहू, कारण त्यावरून मंचांवरच्या चालीरीती समजणे सोपे जाते. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. त्यात खेळाडू टेबलाभोवती बसून आपापल्या पात्राच्या तोंडून बोलतात, एक जण सूत्रधार होऊन जगाचे वर्णन करतो आणि धोक्याच्या कृतीचा निकाल फाशांवर लागतो. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने ‘मड’ हा संगणकीय खेळ लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टल यांनी तो पुढे वाढवला. त्यात एकही चित्र नव्हते. सारे जग मजकुराचेच होते आणि वेगवेगळ्या ठिकाणी बसलेली माणसे त्यात एकाच वेळी वावरू शकत होती. पुढे २००० सालापासून पीएचपीबीबीसारखे मोफत सॉफ्टवेअर उपलब्ध झाल्यावर कोणालाही स्वतःचा मंच उभारता येऊ लागला. आज मंचांवर या दोन्ही परंपरांच्या खुणा दिसतात. काही ठिकाणी नियमपुस्तक, गुण आणि फासे असतात, तर काही ठिकाणी फासे मुळीच नसतात आणि कथा केवळ लेखनावर व आपसांतील संमतीवर चालते. ज्यांना मुळात कथा लिहायची आहे त्यांनी बिनफाशांच्या खेळापासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. फाशांचे गणित नंतर आठवडाभरात शिकता येते. दुसऱ्याबरोबर लिहिण्याची सवय लागायला मात्र वेळ जातो.

नाव नोंदवण्यापूर्वी त्या मंचावरचा पूर्ण झालेला एक थ्रेड, म्हणजे एका प्रसंगाच्या पोस्टची सलग मालिका, पहिल्या पोस्टपासून शेवटच्या पोस्टपर्यंत वाचून काढावा. तेथील माणसे किती लांब लिहितात, किती दिवसांनी लिहितात आणि मतभेद झाल्यास कसे बोलतात, हे नियमांच्या यादीपेक्षा या वाचनातून अधिक कळते. यादीही वाचावीच, तिच्यात वयोमर्यादा, पोस्टची किमान लांबी, उत्तर देण्याची मुदत आणि निषिद्ध विषय या चार गोष्टी आवर्जून पाहाव्यात. संक्षेपांपैकी दोन सुरुवातीला पुरतात : ‘आयसी’ म्हणजे पात्र म्हणून लिहिलेला मजकूर, आणि ‘ओओसी’ म्हणजे पात्राबाहेर येऊन, खेळाडू या नात्याने केलेले बोलणे. या दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवण्यावर मंचावरचे बहुतेक सलोखे टिकून असतात. पहिला प्रवेश बाजार, धर्मशाळा किंवा गलबताचा धक्का अशा वर्दळीच्या जागी घडणाऱ्या, नवागतांसाठी खुल्या असलेल्या प्रसंगातून करावा. महिनोन्‌महिने चालत आलेल्या लढाईत मध्येच उडी घेतल्यास जुन्या खेळाडूंना तुमच्यासाठी वाट काढावी लागते, आणि ती प्रत्येक वेळी निघतेच असे नाही.

प्रश्न : आमचा खेळ सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातील दाभोळ बंदरात घडतो. माझे पात्र एक तांडेल, म्हणजे गलबतावरच्या खलाशांचा प्रमुख, आहे. मी लिहिले : ‘तांडेलाने कारकुनाच्या हातातली वही हिसकावली. कारकून भीतीने पांढराफटक पडला आणि त्याने जकात माफ केली.’ यावर कारकुनाचे पात्र लिहिणाऱ्या खेळाडूने ‘गॉडमॉडिंग’ झाल्याची तक्रार केली. प्रसंग तर रंगतदार होता. मग चुकले कोठे? (नोकरदार वाचक, कुडाळ)

उत्तर : प्रसंग रंगतदार होता हे मान्य. परंतु दोन वाक्यांच्या त्या मजकुरात तुम्ही कारकुनाची वही काढून घेतलीत, त्याचा चेहरा रंगवलात, त्याच्या मनात भीती घातलीत आणि निर्णयही त्याच्या वतीने घेऊन टाकलात. समोरच्या खेळाडूला लिहायला उरले काय? ज्या माणसाने कित्येक दिवस विचार करून तो कारकून घडवला, त्याला आपलाच कारकून परक्याच्या हातून हललेला पाहावा लागला. रोलप्लेमध्ये प्रत्येक खेळाडूची मालकी आपल्या पात्राच्या कृतीपुरती आणि मनापुरती असते. आपण प्रयत्न लिहायचा असतो, परिणाम समोरच्याने लिहायचा असतो. या खेळातील बहुतेक शिष्टाचार याच एका गोष्टीतून निघतात, म्हणून याविषयी जरा सविस्तर लिहितो.

तोच प्रसंग असा लिहून पाहा : ‘तांडेलाने एक पाऊल पुढे टाकले आणि वहीच्या कडेला हात घातला. “माझ्या गलबताच्या नावापुढे काय लिहिलंय, ते मला मोठ्यानं वाचून दाखवा,” तो म्हणाला. त्याचा आवाज चढलेला होता, पण बोटांची पकड सैल होती. त्याला भांडण नको होते, आकडा हवा होता.’ येथे तांडेलाचा संताप तर आलाच, शिवाय त्याच्या मनातली अडचणही आली. कारकून आता वही घट्ट धरू शकतो, खोटा आकडा वाचू शकतो, पहारेकऱ्याला हाक मारू शकतो किंवा खरोखरच घाबरू शकतो. यांतले काय घडेल हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि या खेळाचा खरा आनंद त्या अनिश्चिततेत आहे. तुम्ही कुडाळचे आहात, तेव्हा दशावतार पाहिलाच असेल. तेथे आख्यान ठरलेले असते, पण संवादांची लिखित संहिता नसते. समोरच्या नटाने टाकलेले वाक्य झेलून उभ्या उभ्या उत्तर द्यावे लागते. जो नट दुसऱ्याला बोलूच देत नाही, त्याच्याबरोबरचा प्रवेश रंगत नाही. मंचावरही तसेच घडते.

दुसऱ्याचे पात्र परस्पर हलवण्याला काही ठिकाणी ‘पॉवरप्लेइंग’ म्हणतात आणि आपल्या पात्राला कोणताही वार लागू न देण्यासाठी ‘गॉडमॉडिंग’ हा शब्द राखून ठेवतात. काही ठिकाणी दोन्हींना एकच नाव असते. तुमच्या मंचावरची रीत पाहून घ्यावी. याच कुळातला तिसरा दोष ‘मेटागेमिंग’ हा होय. कारकून रात्री कोणाला भेटला हे तुम्ही त्याच्या पोस्टमध्ये वाचलेले असते, पण तुमचा तांडेल त्या वेळी गलबतावर झोपलेला असतो. तरीही सकाळी तो कारकुनाला त्या भेटीचा जाब विचारतो, तेव्हा वाचकाचे ज्ञान पात्राच्या डोक्यात शिरलेले असते. पोस्ट पाठवण्यापूर्वी ‘हे माझ्या पात्राला कसे कळले?’ एवढा प्रश्न स्वतःला विचारल्यास हा दोष टळतो.

एक सवलत मात्र सर्वत्र चालते. लहानसहान हालचालींसाठी, उदाहरणार्थ दोघे बोलत बोलत धक्क्यावरून बाजारात गेले एवढे लिहिण्यासाठी, ओओसीमध्ये आधी विचारून घ्यावे आणि होकार मिळाल्यावर खुशाल लिहावे. कथेतला तंटा कितीही कडवा असला तरी चालतो, फक्त तो लिहिणाऱ्या दोन माणसांमध्ये तंटा नसावा. म्हणून आज त्या खेळाडूला ओओसीमध्ये दोन ओळी लिहा, पोस्ट बदलण्याची तयारी दाखवा आणि प्रसंग तेथूनच पुढे न्या.

प्रश्न : मी तयार केलेल्या पात्राचा अर्ज मंचाची देखरेख करणाऱ्या मॉडरेटरने ‘पात्र फार समर्थ आहे’ असे कारण देऊन परत पाठवला. समर्थ पात्र असण्यात गैर काय आहे? (निवृत्त शिक्षक, नाशिक)

उत्तर : एकट्याने लिहिलेल्या कादंबरीत काहीच गैर नाही. रोलप्लेमध्ये अडचण अशी होते की, ज्या पात्राला तलवार येते, वैद्यकी येते, सात भाषा येतात आणि ज्याचे कोणावाचून काही अडत नाही, त्याच्याजवळ येण्याचे दुसऱ्या पात्रांना कारणच उरत नाही. वरच्या पत्रातील तांडेलाचे उदाहरण घेतो. तो वारा आणि भरती-ओहोटी ओळखण्यात पटाईत असेल, पण त्याला लिहितावाचता येत नसेल, तर जकातीच्या नोंदी कागदावर होणाऱ्या बंदरात कारकुनाशिवाय त्याचे पान हलणार नाही. ती एकच उणीव वीस प्रसंगांना पुरेल. अर्ज नव्याने लिहिताना पात्राला सध्या काय हवे आहे, ते मिळवण्यात त्याची कोणती उणीव आड येते आणि त्या जागी तो का येऊन पोहोचला, एवढे स्पष्ट करावे. जन्मापासूनची हकिकत लिहू नये. भूतकाळाचा मोठा भाग मोकळा ठेवल्यास पुढे दुसऱ्या खेळाडूचे पात्र त्याचा जुना सोबती किंवा सावकार म्हणून जोडता येते.

प्रश्न : यासाठी इंग्रजी उत्तम असणे आवश्यक आहे का? मराठीत असे काही करता येईल का? (गृहिणी, वडोदरा)

उत्तर : मोठे आणि जुने मंच बहुतांशी इंग्रजी आहेत आणि तेथे अलंकारिक भाषेपेक्षा स्वच्छ, समजेल अशा लेखनाला अधिक मान मिळतो, त्यामुळे साध्या इंग्रजीवर भागते. मात्र मराठीत हा खेळ अवश्य करावा, असा माझा आग्रह आहे. त्यासाठी चार-पाच लिहिणारी माणसे आणि एक खाजगी मंच किंवा डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवरचा एक सर्व्हर (म्हणजे गटाची स्वतंत्र जागा) एवढे पुरते. पहिल्या खेळासाठी जागा लहान निवडावी, जसे की एक वाडा, एक बंदर किंवा रात्रभर थांबून राहिलेली एसटी; एकाने सूत्रधार व्हावे आणि कथेचा शेवट कोणत्या घटनेने होईल हे आधीच ठरवावे, कारण अंत नसलेले खेळ बहुधा अर्ध्यावर विरून जातात.

मराठीत लिहिताना एक मोठी सोय हाताशी असते. तू, तुम्ही आणि आपण यांतून पात्रांचे परस्परसंबंध आपोआप उभे राहतात, आणि ज्या पोस्टमध्ये एक पात्र दुसऱ्याला ‘तुम्ही’वरून ‘तू’ म्हणू लागते, त्या पोस्टमध्ये वर्णनाशिवायच काहीतरी घडलेले असते. निवेदन प्रमाण मराठीत आणि तृतीय पुरुषी भूतकाळात ठेवावे, म्हणजे वेगवेगळ्या हातांचे लेखन एकसंध वाचले जाते. संवादात मालवणी, वऱ्हाडी किंवा बडोद्याची मराठी खुशाल यावी, पण जी बोली आपण कानांनी ऐकली आहे तीच लिहावी. ऐतिहासिक खेळ असेल तर काळ सांभाळावा. आदिलशाही अमलातल्या दाभोळच्या धक्क्यावर तांडेलाच्या हाती चहाचा पेला दिला, तर वाचणारा तेथेच थबकतो.

प्रश्न : माझी चौदा वर्षांची मुलगी तासन्‌तास असे काही लिहीत असते. तिचे लेखन सुधारले आहे हे दिसते, पण समोर कोण आहे हे कळत नसल्याने मला भीती वाटते. बंद करायला सांगावे का? (एक आई, ठाणे)

उत्तर : तुमची भीती योग्य आहे, आणि तरीही बंद करायला सांगू नये असे मला वाटते, बंदी घातल्यास ती तुमच्या नजरेआड लिहू लागेल आणि अडचणीच्या वेळी सांगणार नाही. अनेक मंच किमान वय तेरा ठेवतात. अमेरिकेत १९९८ साली झालेल्या मुलांच्या ऑनलाइन खाजगीपणाविषयीच्या कायद्यात तेराखालील मुलांची माहिती घेण्यावर निर्बंध आहेत, त्यावरून ही रीत पडली. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे. तेव्हा तेरा पूर्ण झाली म्हणून मंचावरचे सगळे विभाग तिच्यासाठी योग्य ठरत नाहीत. प्रौढांसाठीचे विभाग वेगळे आणि कुलूपबंद असलेला, मॉडरेटर नियमित लक्ष ठेवत असलेला मंच तिच्याबरोबर बसून निवडा.

तिच्याशी काही गोष्टी स्पष्ट बोला. खरे नाव, शाळा, छायाचित्र आणि दूरध्वनी क्रमांक कोणालाही द्यायचा नाही. कथा सर्वांना दिसणाऱ्या थ्रेडमध्येच लिहायची. कोणी खाजगी संदेशात किंवा दुसऱ्या ॲपवर चलण्याचा आग्रह धरला, विशेषतः ‘हे घरी सांगू नकोस’ असे म्हटले, तर त्याच क्षणी थांबायचे, संदेश पुसून न टाकता जपून ठेवायचा आणि तुम्हाला दाखवायचा. पात्रांमधील प्रेमप्रसंग प्रौढ व्यक्तीबरोबर लिहायचे नाहीत. नकोसा प्रसंग मध्येच थांबवण्याचा हक्क प्रत्येक खेळाडूला असतो आणि त्यासाठी कारण द्यावे लागत नाही, हे तिला ठामपणे सांगा; मुली बहुधा संकोचाने लिहीत राहतात. प्रकार गंभीर वाटल्यास मॉडरेटरकडे तक्रार करून थांबू नका, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवता येते आणि मुलांसाठी १०९८ ही मोफत हेल्पलाइन आहे. आणि तिने परवानगी दिली तर तिचा एखादा थ्रेड वाचा, केवळ तपासण्यासाठी नव्हे, तर तिने काय घडवले आहे हे पाहण्यासाठी.

प्रश्न : माझ्याबरोबर लिहिणारा खेळाडू दोन आठवडे गप्प आहे. माझे पात्र त्याच्या उत्तराची वाट पाहत दारात उभे आहे. काय करावे? (वाचक, मडगाव)

उत्तर : आधी मंचाच्या नियमांतील मुदत पाहा आणि त्याच्या नावापुढे रजेची सूचना आहे का, तेही पाहा. नसल्यास ओओसीमध्ये एकच सौम्य संदेश पाठवा : ‘सवडीने लिहा, प्रसंग बदलायचा असेल तर तसे सांगा.’ पुष्कळदा खेळाडूला वेळ नसतो असे नाही, त्याला पुढे काय लिहावे हे सुचत नसते, आणि तुमच्या शेवटच्या पोस्टमध्ये त्याच्या पात्राला उत्तर देण्याजोगे काही होते का, हे एकदा तपासून पाहिलेले बरे. आणखी आठवडाभर काहीच आले नाही, तर सूत्रधाराला कळवून आपल्या पात्राला त्या दारातून हलवा. मात्र दार आतून उघडले की बंदच राहिले, हे त्याच्या परतण्यासाठी न लिहिता सोडा.