पवनचक्कीत ‘चक्की’ कुठे आहे?

प्रश्न असा आहे: साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या वीज तयार करतात, दळत काहीच नाहीत. मग त्यांना ‘चक्की’ का म्हणायचे? आणि इंग्लंडमधल्या जुन्या ‘विंडमिल’ला हाच शब्द चालेल का?

दुसऱ्या भागापासून सुरुवात करतो, कारण हा शब्द सर्वांत शोभतो तो तिथेच. इंग्लंडमध्ये बाराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पवनचक्क्यांच्या नोंदी सापडतात. सुरुवातीच्या चक्क्यांत एका जाड लाकडी खांबावर अख्खी खोलीच तोललेली असे. वारा फिरला की चक्कीवाला मागचा लांब दांडा ढकलून आतल्या दगडांसकट ती सगळी खोली वाऱ्याकडे वळवी! सरे परगण्यातल्या आउटवुडची १६६५ सालची चक्की याच घडणीची. पुढे भिंती पक्क्या झाल्या आणि फक्त माथा फिरू लागला. १७४५ मध्ये एडमंड ली याने माथ्याच्या मागे काटकोनात लहान पंखा बसवण्याचे पेटंट घेतले. वाऱ्याची दिशा बदलली की हा पंखा फिरतो आणि दातेरी चाकांमार्फत माथा वाऱ्याला सामोरा आणतो. चक्कीवाल्याचे केवढे कष्ट वाचले असतील!

आत मात्र जातेच. आडवा दांडा, त्यावरचे मोठे दातेरी चाक, त्यातून फिरणारा उभा दांडा आणि शेवटी दगडांची जोडी: खालचा स्थिर, वरचा फिरता. जात्यासारखी मूठमूठ धान्याची वैरण घालायला हात लागत नाही, वरच्या पेटीतून धान्य हादऱ्याने सुटत राहते. वाऱ्याचा वेग बदलला की दगडांमधले अंतर सावरावे लागते. त्यासाठी फिरत्या गोळ्यांचा नियंत्रक वापरत, आणि जेम्स वॉटने १७८८ मध्ये तोच वाफेच्या इंजिनासाठी घेतला.

आता पहिला भाग. ‘मिल’चे मूळ लॅटिन ‘मोला’, म्हणजे दळण्याचा दगड. पण दगडापेक्षा यंत्र मोठे झाले आणि शब्द यंत्राला चिकटला. नॉरफकच्या दलदलीत पाणी उपसणाऱ्या वाऱ्याच्या पंपांनाही तिथले लोक ‘मिल’च म्हणत आले. मराठीत ‘गिरणी’चे असेच झाले. पिठाची गिरणी आहे तशी कापडगिरणीही आहे, आणि गिरणगावात कोणी दळण शोधत नाही. म्हणून वीज करणाऱ्या यंत्राला पवनचक्की म्हणण्यात मला काहीच चूक दिसत नाही. लोकांनी तो शब्द स्वीकारला आहे, तो काढून ‘पवन-ऊर्जा जनित्र’ लादू नये.

भाषांतर करताना संदर्भावरून अर्थ उमगत नसेल तर ‘पिठाची पवनचक्की’ लिहावे. तिच्या पंखांना ‘पाती’ नको, ‘शिडे’ म्हणावे. लाकडी जाळीवर खरोखरच कापड ताणत, आणि वारा वाढला की ते गुंडाळून घेत. लिंकनशायरमधल्या हेकिंग्टनच्या चक्कीला अशी एकूण आठ शिडे आहेत, मात्र त्यांत कापडाऐवजी उघडमिटीच्या झडपा आहेत. आणि दगडावरच्या खाचा झिजल्यावर त्या पुन्हा कोरण्याला ‘दगडाची दुरुस्ती’ म्हणू नये. जात्याला टाकी लावतात, म्हणजे छिन्नीने खाचा पाडतात, तशी इथेही दगडाला टाकीच लावावी.