क्यू आहे पण पुढे यू नाही, असे इंग्रजी शब्द असतात का? त्यांचे अर्थ काय?

असतात, आणि त्यातले बरेचसे तुम्हाला आधीपासून माहीत आहेत. फक्त ते इंग्रजी शब्दकोशात जाऊन बसलेत याचा पत्ता नसतो.

तुम्ही लिहिलंय की शाळेत ‘क्यू आला की मागोमाग यू आलाच’ असं शिकवलं होतं आणि आता मुलगी स्क्रॅबलमध्ये, म्हणजे पटावर अक्षरांच्या टाइल्स लावून इंग्रजी शब्द जुळवायच्या खेळात, यू नसलेले शब्द लावून मार्क घेते. शाळेतला नियम खोटा नाही, पण तो लॅटिन-फ्रेंच वळणाच्या स्पेलिंगचा आहे. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्याआधी तिथे ‘क्वीन’सुद्धा सी आणि डब्ल्यू वापरून लिहीत. फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी तिथे क्यू-यूची जोडी आणून बसवली. त्यामुळे क्यू एकटा उभा दिसला की समजायचं, हा शब्द बहुतेक नंतर बाहेरून आलेला आहे. अरबी, फारसी, हिब्रू, चिनी, कुठूनही.

मीही स्क्रॅबल खेळते, म्हणून आधी तिथलीच गोष्ट. १०० टाइल्समध्ये क्यू एकच असतो आणि यू चार. क्यूला १० गुण. पण डाव संपताना तो हातात राहिला तर आपले १० जातात आणि ज्याचा हात संपला त्याला ते १० मिळतात. म्हणजे २० चा फटका. यू येईल या आशेवर क्यू धरून बसणारे लोक हमखास हरतात.

यावरचा सगळ्यात मोठा उतारा दोन अक्षरांचा आहे: क्यू-आय. उच्चार ‘ची’. चिनी विचारात शरीरात आणि सृष्टीत वाहणारी प्राणशक्ती, साधारण आपल्या प्राणासारखी कल्पना. पूर्वी हा शब्द इंग्रजीत सीएचने लिहीत. चीनने १९५८ मध्ये पिनयिन ही रोमन लिपीतली पद्धत स्वीकारली. तिच्यात या ‘च’साठी क्यू ठरला आणि स्क्रॅबलवाल्यांची चांदी झाली. अमेरिकेतल्या खेळाच्या यादीत हा शब्द २००६ मध्ये आला. अक्षराचे गुण तिप्पट करणारी काही घरं पटावर असतात. क्यू तशा घरात पडला आणि उजवीकडे एक आय, खाली एक आय असं जुळलं, तर आडवे ३१ आणि उभे ३१, एकाच चालीत ६२.

आता घरचे शब्द. फकीर, निकाब, तलाक, कव्वाली, वक्फ या सगळ्यांचं क्यूवालं स्पेलिंग कॉलिन्स या ब्रिटिश शब्दकोशवाल्यांच्या स्क्रॅबल यादीत आहे. मूळ अरबीत ‘क़ाफ’ नावाचं अक्षर आहे, घशात खोलवरून काढायचा क. इंग्रजीत त्याच्यासाठी क्यू लिहितात. मराठीने नुक्ता, म्हणजे अक्षराखालचा टिंब, ठेवला नाही, त्यामुळे आपल्याला हा क आणि साधा क सारखाच ऐकू येतो आणि तिथेच फसायला होतं. कागद आणि किताब यांतला क साधा आहे, तिथे क्यू चालणार नाही. उलट बुरख्यात आपण ख म्हणतो, पण त्याच्या स्पेलिंगमध्ये क्यू आहे.

या यादीतला माझा लाडका शब्द म्हणजे मुकादम! एम-यू-क्यू-ए-डी-डी-ए-एम. अर्थ गावचा प्रमुख, म्होरक्या. पेशवाईच्या कागदांत पाटलाच्या जोडीने ‘मोकदम’ येतो तो हाच, आणि बीड-नगरकडे उचल देऊन ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यावर नेणारा मुकादमही हाच. शब्द आठ अक्षरांचा आणि हातात टाइल्स सातच, त्यामुळे पटावरचं निदान एक अक्षर धरूनच लावावा लागतो. त्यापेक्षा ‘इन्किलाब’ सोयीचा. आय-एन-क्यू-आय-एल-ए-बी, बरोबर सात अक्षरं. हातातल्या सातही टाइल्स एकदम लावल्या की ५० जादा मिळतात, म्हणजे खास घरांचा फायदा न धरताही ६८. समोरचा शब्दकोश मागतो, तेव्हा मजा येते.

तीन-चार अक्षरांचे शब्द जास्त कामाचे. क्यू-ए-टी म्हणजे येमेन-इथिओपियाकडे गालात धरून चघळतात तो हिरवा पाला, थोडी तरतरी आणणारा. क्यू-ए-डी-आय म्हणजे आपला काजी. क्यू-ओ-पी-एच हे हिब्रूतल्या एका अक्षराचं नाव. रोमन क्यू आणि हे अक्षर दोन्ही फिनिशियन या प्राचीन लिपीतल्या एकाच अक्षरापासून निघाले, तेव्हा हा शब्द लावणं म्हणजे क्यूच्या भावकीलाच पटावर बोलावणं.

पाच अक्षरांचा ‘कनात’, क्यू-ए-एन-ए-टी, याच्यावर थोडं थांबते. मांडवाची कनात नव्हे. ही इराणची पाणी आणायची पद्धत. डोंगराच्या पायथ्याशी भूजल लागेपर्यंत विहीर खणायची आणि तिथून गावापर्यंत अगदी हलक्या उताराचा बोगदा काढायचा. वाटेत ठरावीक अंतरावर उभी भोकं, माती काढायला आणि आत हवा यायला. ना मोट ना पंप, पाणी आपल्या वजनाने चालत येतं आणि जमिनीखालून असल्यामुळे उन्हाने उडतही नाही. इराणमधल्या अशा अकरा कनाती २०१६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आल्या. हे तंत्र दख्खनच्या वाटेवरही पोचलं होतं. बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा त्याच जातीचा, आणि मलिक अंबरने आजच्या छत्रपती संभाजीनगरात सतराव्या शतकात बांधलेली नहर-ए-अंबरीसुद्धा.

लांबच्या शब्दांपैकी दोनच सांगते. ‘किवियत’ म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या कस्तुरी बैलाच्या जाड केसांखालची मऊ लोकर, शब्द तिथल्या इन्युइट लोकांचा. आणि ‘चिंगहाओसू’ हे मलेरियावरच्या आर्टेमिसिनिन या औषधाचं चिनी नाव. त्याच्या शोधासाठी चिनी शास्त्रज्ञ तू योयो यांना २०१५ चं नोबेल मिळालं. या दोन्ही शब्दांत यू आहे, पण क्यूच्या शेजारी नाही.

सगळेच परदेशी आहेत असं मात्र नाही. टी-आर-ए-एन-क्यू म्हणजे ‘ट्रॅन्क’, गुंगीच्या औषधाच्या लांबलचक इंग्रजी नावाची शेपूट कापून केलेला शब्द, कापताना यू गेला. ‘क्वर्टी’ तर कीबोर्डच्या वरच्या ओळीतली पहिली सहा अक्षरं जशीच्या तशी उचलून झालाय.

कतार आणि इराक ही विशेषनामं, ती खेळात बाद. आणि मुलीबरोबर बसण्याआधी कोणती यादी मानायची ते ठरवून घ्या. मुकादम आणि इन्किलाब कॉलिन्समध्ये चालतात, अमेरिकेच्या यादीत नाहीत.