15 लिटरच्या पंपात 2 टक्के युरिया आणि 20 पीपीएम एनएए म्हणजे नेमकं किती?

भाऊ, पऱ्हाटीची (कपाशीची) पातेगळ, म्हणजे कळ्या गळणं, थांबवायला तुम्हाला दोन वेगळे फवारे सांगितलेत: एक 2 टक्के युरियाचा, दुसरा 20 पीपीएम (दहा लाख भागांत 20 भाग) एनएएचा, म्हणजे नॅप्थॅलिन ॲसेटिक ॲसिड या संप्रेरकाचा. हिशोब दोन्हींचा वेगळा आहे आणि घोळ तिथंच होतो.

युरियाचं सोपं आहे. 2 टक्के म्हणजे 100 लिटर पाण्याला 2 किलो, म्हणजेच लिटरला 20 ग्रॅम. पंप 15 लिटरचा, म्हणून 300 ग्रॅम. काटेकोर बघितलं तर खत टाकून पाणी 15 लिटरच्या खुणेपर्यंत भरायला हवं, पण फवारणीत एवढ्या फरकानं काही बिघडत नाही. युरियात नत्र 46 टक्केच असतं, मग मात्रा वाढवायची का? अजिबात नाही. शिफारस गोणीतल्या खताच्या वजनाची असते, त्यातल्या नत्राची नाही. त्या 300 ग्रॅममधून 138 ग्रॅम नत्र जातं, ते माहितीपुरतं.

एनएएचं उलट. तिथं 20 पीपीएम म्हणजे निव्वळ एनएए, लिटरला 20 मिलिग्रॅम. 15 लिटरला 300 मिलिग्रॅम. आकडा पुन्हा 300 आला, पण हे मिलिग्रॅम आहेत, युरियाच्या हजारपट कमी. आणि बाटलीत निव्वळ एनएए नसतं. लेबलवर 4.5 टक्के लिहिलं असेल तर 1 मिलीत साधारण 45 मिलिग्रॅम. 300 भागिले 45, म्हणजे पावणेसात मिलीच्या जरा आत. म्हणून कृषी केंद्रात '10 लिटरला साडेचार मिली' सांगतात, ते बरोबर आहे.

इथं बाटलीचं झाकण भरून अंदाजानं ओतू नका. 10 मिलीची सुई नसलेली सिरिंज मेडिकलमध्ये मिळते, ती फक्त फवारणीसाठीच ठेवा. एनएए हे वाढीचं संप्रेरक आहे. सफरचंदाच्या बागेत फळं विरळ करायला, म्हणजे मुद्दाम गळवायला, हेच वापरतात. आपल्याला तर गळ थांबवायची आहे, म्हणून मात्रा नेमकीच हवी. युरिया मात्र काट्यावर मोजा. वाटीच्या मापानं टाकाल तर 300 ग्रॅमचे 400 कधी झाले कळणार नाही, आणि पानांच्या कडा करपतील. आधी बादलीत पूर्ण विरघळवा, मगच पंपात गाळून ओता. विरघळताना पाणी गार पडतं, म्हणून ढवळायला थोडा वेळ लागतो.

पॉवर पंप 25 लिटरचा असेल तर युरिया 500 ग्रॅम आणि एनएए सव्वाअकरा मिलीच्या जरा आत.