डॉक्टरांना विचारा : स्तनाच्या कर्करोगाची तपासणी आणि त्यातले संशोधन

प्रश्न : माझी मुलगी मुंबईत एम.बी.बी.एस.च्या अखेरच्या वर्षाला आहे. रेडिओलॉजी घ्यायची आणि पुढे स्तनाच्या कर्करोगाच्या तपासणीवर संशोधन करायचे, असे तिने मनाशी पक्के केले आहे. आमच्या घरात संशोधक कोणी नाही, त्यामुळे मला यातले काही कळत नाही. स्तनांचे क्ष-किरण फोटो काढणारे मॅमोग्राफीचे यंत्र केव्हाच निघाले. आता त्यात शोधायचे काय उरले? शिवाय हे फोटो यापुढे संगणकच वाचणार, असे ऐकते. आणि हे काम मुंबईत राहून होते, की परदेशी जावेच लागते?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : यंत्र निघाले हे खरे, पण यंत्राला गाठ दिसते एवढ्यावरून त्या यंत्रामुळे बाईचा जीव वाचतो हे सिद्ध होत नाही, आणि ते सिद्ध करण्यातच या क्षेत्रातल्या संशोधकाची उमेदीची वर्षे जातात. समजा, एखाद्या स्त्रीच्या हाताला ५८व्या वर्षी गाठ लागली आणि ६२व्या वर्षी ती गेली, तर निदानानंतर ती चार वर्षे जगली अशी नोंद होते. तीच गाठ ५५व्या वर्षी मॅमोग्राफीत सापडली आणि तरीही ती ६२व्या वर्षीच गेली, तर कागदावर ती सात वर्षे जगली असे दिसते. प्रत्यक्षात आयुष्य एका दिवसानेही वाढलेले नसते, आजार ठाऊक असण्याचा काळ तेवढा वाढलेला असतो. ‘लवकर निदान झालेल्यांपैकी इतके टक्के रुग्ण पाच वर्षे जगतात’ अशा धर्तीच्या जाहिराती वाचताना हे ध्यानात ठेवावे. त्यातच काही गाठी इतक्या संथ असतात की त्या सापडल्या नसत्या तरी त्या स्त्रीला जन्मभर त्रास झाला नसता. पण सापडल्या की त्यांच्यावर उपचार होतात आणि त्या ‘बऱ्या झालेल्या’ रुग्णांत मोजल्या जातात. म्हणून स्त्रियांचे दोन मोठे गट चिठ्ठ्या टाकून पाडावेत तसे पाडायचे, एकाला तपासणी द्यायची, दुसऱ्याला नाही, आणि वर्षानुवर्षे दोन्ही गटांतले मृत्यू मोजायचे, अशा चाचणीला सोपा पर्याय नाही.

इतिहासही हेच सांगतो. बर्लिनचे शल्यचिकित्सक आल्बर्ट सॉलोमन यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या स्तनांचे क्ष-किरण फोटो घेऊन त्यांचा अभ्यास १९१३ साली प्रसिद्ध केला. तपासणीने मृत्यू घटतात का, हे पाहणारी पहिली मोठी चाचणी मात्र न्यूयॉर्कमध्ये १९६३ साली सुरू झाली, म्हणजे मध्ये ५० वर्षे गेली. स्वीडनमध्ये रेडिओलॉजिस्ट लास्लो टाबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन परगण्यांतल्या स्त्रियांची चाचणी १९७७ साली हाती घेतली. १९८५ साली त्यांनी जाहीर केले, की मॅमोग्राफीसाठी बोलावलेल्या गटात स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. पुढे कॅनडातल्या चाचणीत तसा लाभ दिसला नाही आणि त्यावरून झालेले वाद पुष्कळ वर्षे चालले. या वादांत उतरण्याची तयारी असेल तरच आपल्या मुलीने या वाटेला जावे, असे मी म्हणेन. नुसते फोटो वाचण्याची आवड असेल तर चांगली रेडिओलॉजिस्ट होणेही काही कमी नाही.

कारकिर्दीचा नमुना म्हणून अमेरिकेच्या रेडिओलॉजिस्ट एटा पिसानो यांचे काम पाहण्यासारखे आहे. फिल्मची जागा डिजिटल मॅमोग्राफी घेऊ लागली तेव्हा नवे यंत्र खरोखर सरस आहे का, हे पुरेशा मोठ्या प्रमाणावर तपासले गेले नव्हते. पिसानोंच्या नेतृत्वाखाली अमेरिका आणि कॅनडातल्या ३३ केंद्रांवर ४९,५२८ स्त्रियांची फिल्म आणि डिजिटल अशा दोन्ही पद्धतींनी तपासणी झाली, आणि दोन्ही फोटो वेगवेगळ्या रेडिओलॉजिस्टनी एकमेकांचे निष्कर्ष न पाहता वाचले. २००५ साली निकाल आला तो यंत्रविक्रेत्यांना फारसा सोयीचा नव्हता. सरसकट पाहता दोन्ही पद्धती सारख्याच ठरल्या. डिजिटलचा फायदा ५० वर्षांखालील, पाळी न गेलेल्या किंवा नुकतीच जाऊ लागलेल्या आणि दाट स्तनांच्या स्त्रियांत दिसला. दाट स्तन म्हणजे ज्यांत चरबीपेक्षा ग्रंथी आणि तंतूंचा भाग जास्त असतो. फोटोत हा भाग पांढरा दिसतो आणि गाठही पांढरीच दिसते, म्हणून गाठ त्यात लपते.

आता मुंबईचा प्रश्न. याचे उत्तर परळमध्येच आहे. टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉक्टरांनी १९९८ साली मुंबईच्या झोपडपट्ट्यांत एक चाचणी सुरू केली आणि तिचा २० वर्षांचा वृत्तांत डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली प्रसिद्ध केला. तीत ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रिया होत्या. वस्त्यांचे २० गट करून १० गटांत तपासणी दिली गेली, उरलेल्या १० गटांत कर्करोगाची माहिती देऊन नुसती पाहणी झाली. मॅमोग्राफी मुद्दामच घेतली नव्हती. आपल्याकडे हा रोग पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी वयात दिसतो, त्या वयात स्तन अधिक दाट असतात, आणि यंत्र, वीज, फोटो वाचणारा डॉक्टर यांचा खर्च वेगळाच. त्याऐवजी थोडे प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तनांची तपासणी करीत.

तपासणीच्या गटात रोग थोडा आधी सापडला, आणि तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातल्या रुग्णांचे प्रमाण ४७ टक्क्यांऐवजी ३७ टक्के राहिले. सगळ्या वयांच्या स्त्रिया मिळून स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू १५ टक्क्यांनी कमी दिसले. पण ही घट योगायोगाची नाही, असे संख्याशास्त्राच्या कसोटीवर म्हणता आले नाही. ५० आणि त्यापुढच्या वयात मात्र ती जवळजवळ ३० टक्के होती आणि कसोटीला उतरली. ज्या तपासणीला यंत्रच लागत नाही तिचा हा निकाल आहे, म्हणून इमेजिंगच्या, म्हणजे यंत्राने फोटो काढून रोग शोधण्याच्या, संशोधकाने तो आधी वाचावा. मुंबईत नवे यंत्र आणायचे तर ते या आरोग्यसेविकेच्या हातांपेक्षा किती जास्त जीव वाचवते, हे त्याला दाखवावे लागेल.

वाटेबद्दल थोडक्यात. इंटर्नशिपनंतर पदव्युत्तर प्रवेश परीक्षा, मग रेडिओडायग्नोसिसमध्ये तीन वर्षांचे एम.डी. रेडिओलॉजीच्या जागांसाठी चुरस फार असते, हे आपण जाणत असालच. एम.डी.चा प्रबंध पुष्कळ जण उरकून टाकतात. तिने तो उरकू नये. त्यानंतर कर्करोग रुग्णालयात स्तनांच्या इमेजिंगची फेलोशिप करावी, आणि संख्याशास्त्र व साथरोगशास्त्र रीतसर शिकावे. या अखेरच्या गोष्टीत आपले रेडिओलॉजिस्ट कमी पडतात, असे माझे मत आहे. आणखी एक सवय तिने पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. प्रत्येक स्तनाचे दोन कोनांतून फोटो निघतात. डावा-उजवा शेजारी ठेवून तुलना करायची, मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले तर ते एका जागी गोळा झालेत की विखुरलेत हे पाहून आपला अंदाज लिहून ठेवायचा, आणि बायोप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा, अहवाल आला की ती करणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे जाऊन तो अंदाज ताडून पाहायचा. काही काळ परदेशात काम केले तर चांगलेच, पण ते सक्तीचे नाही.

संगणकाची धास्ती धरू नये. स्वीडनमध्ये मॅमोग्राम दोन रेडिओलॉजिस्टनी वाचायची पद्धत आहे. तिथे सुमारे ८० हजार स्त्रियांच्या चाचणीत निम्म्या स्त्रियांच्या फोटोंची संगणकाने धोक्यानुसार वर्गवारी केली आणि कमी धोक्याचे फोटो एकाच डॉक्टरने वाचले, तेव्हा वाचनाचे काम ४४ टक्क्यांनी घटले आणि सापडणारे कर्करोग कमी झाले नाहीत. हा २०२३ सालचा निकाल आहे. पण तो स्वीडनच्या स्त्रियांवरचा आणि तिथल्या सुसज्ज व्यवस्थेतला आहे. चाळिशीतल्या, दाट स्तनांच्या, आयुष्यात पहिल्यांदाच मॅमोग्राफीला आलेल्या मुंबईकर स्त्रीचा फोटो तोच संगणक कसा वाचतो, हे इथेच तपासावे लागेल, आणि त्यासाठी आपल्या मुलीसारखी माणसे लागतील.

प्रश्न : आमच्या सोसायटीतल्या शिबिरात मी मॅमोग्राफी केली. माझे वय ४६ आहे. ‘आणखी फोटो काढावे लागतील’ असे सांगून मला पुन्हा बोलावले आहे. तेव्हापासून झोप उडाली आहे.
— एक वाचक, गोरेगाव

उत्तर : पुन्हा बोलावणे म्हणजे कर्करोगाचे निदान नव्हे, अशा बहुतेक स्त्रियांना कर्करोग नसतो. स्तन दाबताना ऊतींचे थर एकमेकांवर आले, तरी सावली गाठीसारखी दिसते आणि जादा फोटोत किंवा सोनोग्राफीत ती नाहीशी होते. पण जायचे टाळू नका. उलट, हाताला गाठ लागत असेल तर आधीचा मॅमोग्राम स्वच्छ आला या भरवशावर न राहता ती डॉक्टरांना दाखवा, कारण काही गाठी मॅमोग्राफीत दिसतच नाहीत. जाताना पूर्वीचे फोटो असतील तर नुसता रिपोर्ट नव्हे, फोटोही सोबत न्या. त्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओडरंट लावू नका. त्यातले कण फोटोत पांढरे ठिपके म्हणून उमटू शकतात आणि मग तिसऱ्यांदा बोलावणे येते.