‘चांगलं माणूस हुतं’च्या पुढं

पत्र, थोडक्यात : ताई, आम्ही कागल तालुक्यातले. माझे आजोबा, म्हणजे आमचे आबा, गेल्या पौषात वयाच्या 86व्या वर्षी गेले. ऊस, गुऱ्हाळ, म्हशी आणि 22 माणसांचं खटलं त्यांनी सांभाळलं. येत्या पौषात वर्षश्राद्ध आहे. थोरले काका रानात पुतळा बसवू म्हणतात, धाकटे काका गावजेवण घालू म्हणतात. मला आबांच्या आठवणींचं लहानसं पुस्तक करायचंय. पण मोबाईल लावून आज्जीसमोर बसले, तर ती म्हणाली, ‘‘काय सांगायचं बाई? चांगलं माणूस हुतं,’’ आणि रडायला लागली. बाबा तर विषय काढला की उठून जातात. शेवटची दोन वर्षं ठिबक सिंचनावरून त्यांचं आणि आबांचं बोलणं नव्हतं. सोडून देऊ का हे सगळं?

उत्तर : बाळ, सोडू नकोस. आज्जीचं काही चुकलेलं नाही, प्रश्न फार मोठा झाला. ‘आबांबद्दल सांग’ म्हणजे अख्खा संसार एका दमात उचलून दे, असं म्हणण्यासारखं आहे. तो कुणालाच उचलत नाही. शेतकरी माणसाची आठवण त्याच्या कामाला चिकटलेली असते, तेव्हा कामाचंच विचार. पहाटे उठल्यावर आबा आधी गोठ्यात जायचे की चुलीपाशी? भाकरी रानात कुणी न्यायचं, आणि कोरड्यास काय असायचं? उसाचं बिल आलं की पैसे कुणाच्या हातात द्यायचे? असा एकच बारका प्रश्न टाक आणि गप्प बस. आज्जी थांबली तरी लगेच दुसरा प्रश्न घुसवू नकोस, मनात दहापर्यंत मोज. खरं सांगणं बऱ्याचदा त्या गप्पपणाच्या पलीकडं असतं.

तिला खुर्चीत समोर बसवू नकोस. शेंगा फोडताना, लसूण सोलताना शेजारी बस, हात कामात असले की जीभ सैल होते. फोन फ्लाइट मोडवर टाक, पंखा बंद कर आणि फोन हातभर अंतरावर कापडाच्या घडीवर ठेव. पत्र्यावर किंवा फरशीवर ठेवलास तर शेंगांचा आवाज आज्जीच्या आवाजावर चढतो. आधी दहा सेकंद रेकॉर्ड करून ऐकून बघ. एका बैठकीला अर्धा तास पुरे. रडायला आलं तर ‘‘आज बास करू या का?’’ एवढंच विचार. पुष्कळदा ती डोळे पुसून स्वतःच पुढं बोलेल. प्रत्येक फाइलीला तारीख आणि विषय त्याच दिवशी घाल, आणि प्रती तीन ठिकाणी ठेव. फोन हरवला म्हणून आवाज गेला, अशी घरं कमी नाहीत.

सालं विचारू नकोस, कुणाला सांगता येत नाहीत. त्याऐवजी खुणेला बांधून विचार. कोयनेचा भूकंप झाला (11 डिसेंबर 1967 ची पहाट) तेव्हा दावणीला कोणती बैलं होती? बहात्तरच्या दुष्काळात विहिरीला पाणी किती होतं? 1989, 2005, 2019 आणि 2021 च्या पुरात पाणी कुठल्या बांधापर्यंत आलं? मग ‘आत्याचं लग्न पुराच्या आधी की नंतर’ याची उत्तरं आपोआप जुळत जातात. आबांची जन्मतारीख शाळेच्या जनरल रजिस्टरात मिळेल. पण ती 1 जून निघाली तर जपून. त्या काळी शाळेत नाव घालताना गुरुजी अंदाजानं हीच तारीख टाकायचे, तेव्हा ‘कागदोपत्री’ असं लिहून पुढं जा.

दिवाळी तोंडावर आहे, तुझ्या कामाला याच्यासारखा मुहूर्त नाही. भाऊबीजेला आत्या येतील. जेवणं उरकली की घरातले सगळे जुने फोटो चादरीवर मांड आणि कोण कोण आहे ते त्यांच्या तोंडून लिहून घे. नाव फोटोच्या मागं मऊ पेन्सिलीनं, कडेला, हलक्या हातानं. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. जुना फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर ओढू नकोस, चेहरा काचेवरच राहतो. काचेसकटच, खिडकीच्या बाजूच्या उजेडात, फ्लॅश न मारता त्याचा फोटो घे. मुंबई-पुण्याच्या भावंडांना फोटो व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांग. साधा पाठवला की तो बारीक होतो, आणि छापताना नाकडोळे विरघळल्यासारखे दिसतात.

आता कागद. आबांची पत्र्याची ट्रंक असेलच. कारखान्याचं शेअर सर्टिफिकेट, ऊसबिलं, काट्याच्या पावत्या, सोसायटीचं पासबुक, गूळ अडत्याच्या पट्ट्या, हे सगळं त्यांच्या हातचं चरित्र आहे. गुळगुळीत कागदावरच्या मशीनच्या पावत्या वर्षा-दोन वर्षांत पुसट होतात, त्यांचे फोटो आधी घे. काही लॅमिनेट करू नकोस, सेलोटेप तर मुळीच लावू नकोस. टेप पिवळी पडते आणि अक्षरं घेऊन निघते. जुन्या सातबाऱ्यावर आबांच्या नावापुढं ‘ए.कु.मॅ.’ दिसलं तर बाजूला ठेव. एकत्र कुटुंब मॅनेजर. 22 माणसांचा भार सरकारी भाषेत या तीन अक्षरांत मावलाय. सातबाऱ्यावरच्या वर्तुळातले आकडे फेरफारांचे, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदींचे असतात. ते फेरफार काढलेस की कुठला तुकडा खरेदीचा, कुठला वाटणीचा आणि कुठला कूळ कायद्यानं आला ते कळतं. तलाठ्याकडं (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) नाही मिळाले, तर तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज कर.

मात्र फेरफाराला हात घालण्याआधी दोन्ही काकांना आणि बाबांना सांग. नाहीतर ‘पोरगी जमिनीची चौकशी करतीय’ हे गावभर होतं आणि घरातली तोंडं फिरतात. वारसनोंदीचं काम वेगळं, आठवणीचं वेगळं, आणि ही दोन कामं एका बैठकीत येऊ देऊ नकोस. हे मी कळकळीनं सांगते, कारण वर्षश्राद्धाला आत्या आल्यात तर हक्कसोडपत्रावर सही उरकून घेऊ, असं आपल्याकडं सर्रास होतं. बापाच्या आठवणीनं भरल्या डोळ्यांनी केलेली सही पुढं आयुष्यभर सलते. लेकींचा हक्क मुलांइतकाच आहे. सोडायचा की नाही ते त्या शांतपणे, दुसऱ्या दिवशी ठरवतील.

पुस्तकाचा गाभा मात्र रानात आहे. सातबाऱ्यावर फक्त गट नंबर असतो. आबा काय म्हणायचे? नदीकाठची मळी, माळावरचा तुकडा, विहिरीचं रान, जांभळीचा पट्टा. ही नावं कुठल्याच दप्तरात नाहीत, बोलणारी माणसं गेली की संपली. दोन पानांवर हातानं नकाशा काढ. बांध, पाणंद, विहीर, मोटर, झाडं, आणि प्रत्येक तुकड्याचं घरातलं नाव.

गुऱ्हाळावर चार पानं दे. हंगाम आता सुरूच होतोय, तेव्हा आबांच्या हाताखाली तयार झालेल्या गुळव्याला, म्हणजे गूळ करणाऱ्या माणसाला, चुलवाणापाशी, काम चालू असताना विचार. उकळत्या रसावरची मळी धरायला भेंडीचं पाणी कधी घालायचे? कायल (रसाची मोठी कढई) उतरायची वेळ आबा कशावरून ओळखायचे? गार पाण्यात पाकाचा थेंब टाकून, त्याची गोळी बोटांनी दाबून, की नुसत्या बुडबुड्यांवरून? लवकर उतरला तर गूळ मऊ राहतो, ढेप धरत नाही. उशीर झाला तर काळा पडतो, कडसर लागतो. त्या मधल्या काही क्षणांचं आबांचं शहाणपण त्या गुळव्याच्या बोटांत आहे, त्या बोटांचा व्हिडिओ घे.

आबांचं खुरपंही बघ. मूठ एका बाजूनं झिजलेली असेल, अंगठा टेकायचा तिथं खोलगट. तिला रंग-व्हार्निश लावू नकोस, झीज बुजते. लोखंडावरचा गंज कोरड्या ब्रशनं झाडून तेलाचा पुसट हात दे, लाकडाला थोडं जवसाचं तेल. खुरप्याचा अगदी जवळून घेतलेला फोटो मुखपृष्ठावर शोभेल, फेट्यातल्या फोटोपेक्षाही.

बाबांना मुलाखतीला बसवू नकोस. जो माणूस भांडण मिटायच्या आधी बापाला पोहोचवून आला, त्याला ‘आठवण सांगा’ म्हणणं जड जातं. तो नकाशा घेऊन त्यांच्याबरोबर रानात जा आणि ‘‘हा बांध बरोबर आलाय का?’’ एवढंच विचार. ते दुरुस्त करतील, दुरुस्त करता करता बोलतील. पाटपाण्याच्या भरवशावर उभं आयुष्य काढलेल्या माणसाला थेंबथेंब पाण्यानं ऊस येईल हे पटणं सोपं नव्हतं, आणि बाबांचा हिशोबही चुकीचा नव्हता. पुस्तकात हे दोन ओळींत, कुणाला दोष न देता येऊ दे. छापण्याआधी बाबांना दाखव. ते नको म्हणाले तर काढ. आबा तापट होते, हेही लिही. राग कशाचा यायचा आणि किती वेळात उतरायचा, तेही.

काकांचं म्हणशील तर गावजेवण ऐपतीत बसवा, कर्ज काढून नको. पुतळ्याला माझा विरोध आहे. उद्या वाटण्या झाल्या की तो तुकडा कुणा एकाच्या वाट्याला जाणार, मग पुतळ्याकडं जायच्या वाटेवरून भावाभावांत कज्जा. थोरल्या काकांना झाड सुचव, पण पौषात नको. मे महिन्यात मीटरभर लांब-रुंद-खोल खड्डा घेऊन उन्हात तापू द्या, शेणखत-मातीनं भरा आणि पहिल्या चांगल्या पावसानंतर आंबा लावा.

पुस्तक 40 पानांचं कर, वहीच्या निम्म्या आकाराचं. मधोमध पिना मारायच्या तर पानं चारच्या पटीत लागतात. अक्षर 14 पॉइंटाच्या खाली नको, वाचणारे साठीच्या पुढचे आहेत. मजकूर वर्षश्राद्धाच्या तीन आठवडे आधी डीटीपीवाल्याकडं गेला पाहिजे, कारण जोडाक्षरं आणि आडनावं दोन-तीनदा तपासावी लागतात. त्या दिवशी नैवेद्य झाला की पंगत बसण्याआधी वीस मिनिटं वाचन ठेव. वाटेकरी, मुकादम, गावचा लोहार यांनाही निरोप धाड.

आणि छापायला द्यायच्या आधी कच्ची प्रत घेऊन आज्जीशेजारी बस. सगळं मोठ्यानं वाच, सावकाश. ‘‘तसं न्हवतं ते,’’ म्हणून ती मध्येच थांबवेल. पेन उघडून ठेव.