जुनी एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी) गाडी चढाला धापा टाकते, मेकॅनिक म्हणतो टाकीतला पेट्रोल पंप बदला. बदलू का?

लगेच बदलू नका. पंप गेलाही असेल, पण तुम्ही जे लिहिलंय, म्हणजे २००५ ची गाडी, सकाळी तीन-चारदा सेल्फ मारल्यावर चालू होते, सपाटीला मस्त पळते, चढ आला की धापा आणि झटके, फिल्टर नवीन टाकून झालाय, त्यावरून पंपच गेलाय असं छातीठोक कुणालाच सांगता येणार नाही. मेकॅनिकने पेट्रोलचं प्रेशर मोजलं का? मोजलं असतं तर त्याने तुम्हाला आकडा सांगितला असता.

आधी माझं सांगतो. मी गाड्यांचा मेकॅनिक नाही, चिपळूणला मोटर रिवाइंडिंग आणि बोअरच्या पंपांचं काम करतो. व्होल्टेज पडलं की मोटर फिरते पण पाणी वर चढत नाही, हे मी दिवसातून चार वेळा गिऱ्हाइकाला समजावतो, आणि तरी स्वतःच्या गाडीचा पेट्रोल पंप मी दोनदा विनाकारण बदलला. घरात अजून टोमणे बसतात.

झालं असं, वडिलांनी २००३ ला घेतलेली छोटी गाडी, २२ जुलै २०२१ च्या पुरात सीटपर्यंत पाण्यात होती. उपसली, वाळवली, ऑइल बदललं, चालू झाली, आम्ही खूश. वर्षभराने कुंभार्ली घाटात त्रास सुरू झाला, पोफळी मागे पडली की दुसऱ्या गिअरवर सुद्धा नको म्हणायची, पाय सोडला की जरा सावरायची, परत दाबला की हुंदके. गॅरेजवाला म्हणाला पंप. टाकला. पंधरा दिवस बरी चालली, मग तेच. म्हणाला हा पीस खराब निघाला, दुसरा टाकला. परत पंधरा-वीस दिवस आणि परत तेच. तेव्हा कुठे डोक्यात आलं की नवा पंप दोन्ही वेळा पंधरा दिवसच कसा चालतो, आणि दुकानातला मीटर घेऊन मागची सीट काढली.

इंजिन चालू, बॅटरीवर १३.९ व्होल्ट. पंपाच्या कनेक्टरवर, कनेक्टर जोडलेला ठेवून मागून टाचणी सरकवून, १०.८. तीन व्होल्ट वाटेतच गायब! मग मीटरचं एक टोक पंपाच्या मायनसला आणि दुसरं बॉडीच्या स्वच्छ पत्र्याला लावलं, तर तिथेच २.३ व्होल्ट, जिथे फार तर ०.२ दिसायला पाहिजे. म्हणजे अर्थिंग. सीटखाली बॉडीला जिथे अर्थची वायर स्क्रूने आवळलेली असते तो जोड पुराच्या पाण्याने गंजून हिरवा पडला होता. माझा पंप ५ अँपिअर घेत होता, म्हणजे साडेअकरा वॅट नुसते त्या जोडात तापून जात होते, हात लावला तर गरम लागत होता. प्रत्येक वेळी पंप बदलताना तिथल्या वायरी हलायच्या, गंज थोडा घासला जायचा आणि पंधरा दिवस बरे जायचे. पत्रा घासला, वायरीच्या टोकाचा लग (स्क्रूखाली बसणारी कडी) नवीन मारला, वर ग्रीस लावलं. जुना पहिला पंप अजून दुकानात आहे, तपासला, चांगला आहे.

तुमचंही तेच असेल असं नाही, पण मी लावला तो उलटा क्रम तुम्ही लावू नका.

पहिली गोष्ट फुकटातली. उद्या सकाळी थंड गाडीत सेल्फ मारू नका, चावी फक्त ऑन करा. मागून दोन-तीन सेकंद बारीक घूंऽऽ असा आवाज आला पाहिजे, तो पंप लाईनमध्ये प्रेशर भरतोय. चावी बंद करा, परत ऑन, असं तीन-चारदा, आणि मग सेल्फ. एका सेल्फला चालू झाली तर तुमच्या सकाळच्या रडण्याचं कारण जवळजवळ कळलंच, रात्रभरात लाईनमधलं प्रेशर उतरतंय. ते तीन ठिकाणांहून उतरू शकतं: पंपाच्या आतला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे येऊ न देणारा, बोअरच्या पंपाला असतो तसाच), रेलवरचा (इंजेक्टरना पेट्रोल पोचवणाऱ्या नळीवरचा) प्रेशर रेग्युलेटर, किंवा एखादा इंजेक्टर जो बंद असतानाही थेंब थेंब गळतो. गळका इंजेक्टर असेल तर चालू होताना पेट्रोलचा भपकारा येतो आणि काळा धूर. आणि मुळात घूं आवाजच येत नसेल तर आधी फ्यूज आणि पंपाचा रिले (पंपाला करंट देणारा स्विच) बघा, बऱ्याच गाड्यांत तसाच दुसरा रिले शेजारीच असतो, नंबर तोच असेल तर अदलाबदल करून बघायला दोन मिनिटं लागतात.

दुसरी पण फुकटच. रेग्युलेटर इंजिनावर इंजेक्टरच्या रेलला असेल तर त्याला एक बारीक व्हॅक्यूमची नळी येते. ती उपसून वास घ्या. आत पेट्रोल असेल तर रेग्युलेटरचा पडदा फाटलाय. नव्या पद्धतीच्या काही गाड्यांत रेग्युलेटर टाकीतच असतो, मग ही नळी सापडणार नाही, शोधत बसू नका.

आता मुख्य, गेज. ज्याच्याकडे फ्युएल प्रेशर गेज आहे असा मेकॅनिक शोधा, किंवा स्वतः घ्या, ऑनलाइन मिळतो. जोडायच्या आधी लाईनमधलं प्रेशर काढायचं: पंपाचा फ्यूज उपसा, इंजिन चालू करा आणि आपोआप बंद पडू द्या. मग लाईनमध्ये टी (तीन तोंडांचा जोड) लावून गेज जोडा. हे उघड्यावर, इंजिन थंड असताना, आणि शेजारी बिडी ओढणारे काका नसताना. रिटर्न लाईनवाल्या (जास्तीचं पेट्रोल पाईपने टाकीत परत जाणाऱ्या) जुन्या गाड्यांत साधारण अडीच ते तीन बार असतं, आयडलला (गाडी उभी, ॲक्सिलरेटर न देता) व्हॅक्यूममुळे त्याहून अर्धा बार कमी दिसतं, नळी काढली की तेवढं वर जातं. वर गेलं नाही तर रेग्युलेटर काम करत नाहीये. टाकीतल्या रेग्युलेटरच्या गाड्यांत आकडा जास्त असतो आणि एकाच जागी स्थिर असतो, तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या.

पण इथेच बहुतेक लोक चुकतात, गॅरेजच्या दारात आयडलला प्रेशर बघतात, बरोबर आलं की म्हणतात फ्युएल ओके. आयडलला छोटं इंजिन तासाला लिटरभर सुद्धा पेट्रोल पीत नाही, अर्धमेला पंप पण तेवढं पुरवतो. तुमची तक्रार चढाची आहे ना, मग चढावर मोजा. लांब नळीचा गेज बॉनेटच्या फटीतून बाहेर काढून काचेवर बाहेरून चिकटपट्टीने बांधा (केबिनच्या आत आणायचा नाही, नळी सुटली तर मांडीवर पेट्रोल), शेजारी कुणाला तरी आकडा बघायला बसवा आणि चढावर पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. माझ्या गाडीत आयडलला २.४ दाखवत होता आणि घाटात १.५ वर आला. असं पडलं तर पेट्रोल कमी पडतंय हे नक्की. काटा व्हॅक्यूमची नळी काढल्यावर दिसतो त्या आकड्यावर (टाकीत रेग्युलेटर असेल तर त्याच्या स्थिर आकड्यावर) ठाम राहिला आणि गाडी तरी ओढत नसेल तर पंपाचा नाद सोडा, दोष दुसरीकडे आहे: सायलेन्सरच्या वाटेतला चोंदलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा डबा), मॅप सेन्सरची (इंजिनातला व्हॅक्यूम मोजणाऱ्या सेन्सरची) चिरलेली नळी, ठिणगी देणारी इग्निशन कॉइल. हे पेट्रोल कमी पडल्यासारखंच सोंग करतात.

प्रेशर पडलं तरी लगेच पंप नाही! आधी मी वर सांगितलं ते व्होल्टेज, इंजिन चालू ठेवून, पंपावर आणि बॅटरीवर. फरक अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतो, त्याहून जास्त असेल तर वायर, रिले, कनेक्टर, अर्थ, या वाटेने जा. पेट्रोलचा वास येत असेल किंवा टाकीवरचं झाकण उघडं असेल तर तिथे टाचणी-मीटर घेऊन बसू नका, एक ठिणगी पुरते. व्होल्टेज नीट आणि प्रेशर तरी पडतंय, तर रबरी रिटर्न पाईप क्षणभर दाबून बघायला सांगा (प्लॅस्टिकचा असेल तर नाही, तुटेल). प्रेशर झटकन खूप वर गेलं तर पंपात दम आहे, रेग्युलेटर जास्त पेट्रोल परत सोडतोय. वर गेलंच नाही तर पंप, किंवा पंपाच्या तोंडाची जाळी. ही जाळी फिल्टर बदलताना कुणी बघत नाही कारण ती टाकीच्या आत असते. इतक्या जुन्या टाकीत तळाला गाळ असतोच, त्यात आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, ते गाळ सोडवतं आणि ओलावाही धरतं, तो सगळा येऊन जाळीवर बसतो. त्यामुळे पंप काढलाच तर आधी जाळीचा फोटो मागवा. काळी गच्च असेल तर नुसती जाळी बदलून बघा.

एक विचारायचं राहिलं, गाडीला सीएनजी किट आहे का? असेल तर तुमच्या मेकॅनिकच्या बाजूने माझं मत थोडं झुकतं. सीएनजीवाले टाकीत दोनशे रुपयांचं पेट्रोल ठेवून महिनोन्महिने फिरतात, आणि बऱ्याच जुन्या किटमध्ये सीएनजीवर असतानाही पेट्रोल पंप चालूच राहतो. पंप पेट्रोलमध्येच गार राहतो हो, बोअरची मोटर पाण्यात गार राहते तसा. कोरडा चालवला की आमच्या दुकानात येतात तशीच गत. शिवाय इंजेक्टर वापराविना चिकटतात ते वेगळंच. ते मात्र शक्यतो एखाद-दुसऱ्या सिलिंडरचं मिसिंग म्हणून कळतं, लांब स्क्रूड्रायव्हर इंजेक्टरला टेकवून मूठ कानाला लावा, सगळ्यांची टकटक सारखी यायला पाहिजे. एखादा गप्प असेल तर कनेक्टर काढून मीटरने ओहम बघा, बहुतेक गाड्यांत १२ ते १६ च्या मध्ये येतो.

स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारा) घ्या असं कुणी सांगेल, इतक्या जुन्या गाडीशी तो बरेचदा बोलतच नाही, पैसे गेजवर घाला.

तर आधी उद्या सकाळची चावीची टेस्ट, मग पंपावरचं व्होल्टेज, मग चढावरचं प्रेशर. तिन्हींत काय आलं ते इथेच खाली टाका, सीएनजीचं पण सांगा, मग पंपाचं बघू.